मेहुण्याचं इंजिन, सासऱ्यांची पिकअप

माझ्या मेहुण्याच्या गाडीवर उसाचा ट्रॅक्टर येऊन बसला तेव्हा मेहुणा गाडीत नव्हता आणि ट्रॅक्टरवरही कुणी नव्हतं. दोघेही एकाच टपरीवर चहा पीत होते. ट्रॅक्टरवाला ब्रेक न लावता उतरला होता आणि मेहुणा उतारावर गाडी लावून तिचा फोटो कुणाला तरी दाखवत होता. दोन ट्रॉल्या ऊस मागून ढकलत होता, त्यामुळे ट्रॅक्टर फार घाईने आला नाही, पण थांबलाही नाही. गाडीची डिकी मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढून पाहिलं तर गाडी शोरूममध्ये उभी असावी तशी दिसत होती. मेहुणा बराच वेळ तिला पुढूनच पाहत राहिला.

गाडी जर्मन होती, पुण्याहून जुनी आणलेली, जमिनीपासून चार बोटं उंच. शून्यापासून शंभरचा वेग ती किती सेकंदांत गाठते हे मेहुणा लग्नात, बारशात आणि एकदा दहाव्यालाही सांगायचा. सोलापुरात तो वेग वापरायला जागा नव्हती. आवाजाला मात्र भरपूर होती. विमा होता, पण तो समोरच्याचं नुकसान भरून देण्यापुरता. आपली गाडी कुणाला तरी धडकेल ही शक्यता मेहुण्याने धरली होती, आपल्याला कुणी धडकेल ही नव्हती.

तिला ओढत आणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या सासुरवाडीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं. शेडमध्ये टॉवेलचे माग चालतात. ताडपत्रीच्या शेजारी आधीच एक बंद गाडी उभी होती: माझ्या सासऱ्यांची पिकअप. पंचवीस वर्षं तिने टॉवेलचे गठ्ठे वाहिले होते, आणि आता तिच्या इंजिनाला चीर गेली होती. तिचे भाग मिळत नव्हते. भंगारवाला दोनदा येऊन टायरला लाथ मारून गेला होता.

सासरे बहात्तर वर्षांचे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मी मामा म्हणतो. शेड मुलाच्या हाती देऊन त्यांना नातेपुत्याजवळच्या आपल्या शेतावर राहायला जायचं होतं. मुलाचा आणि मुलीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, याला सक्त विरोध होता. मामांचे गुडघे गेलेले. शेतातलं घर एका टोकाला, विहीर दुसऱ्या टोकाला, मध्ये अर्धा किलोमीटर दगडधोंड्यांची वाट. एकटा म्हातारा माणूस तिथे काय करणार? त्यापेक्षा मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये राहावं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. त्याला बाल्कनी होती, आणि बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसायची.

"मी चालत कशाला जातुय? गाडी हाय की," मामा म्हणाले.

"आप्पा, गाडी बंद आहे."

"मग चालू करू."

"नवी छोटी घेऊ एखादी."

"हाय ती कुटं गेली?"

शेवटी तह झाला. पिकअप सुरू झाली आणि तिने भरलेला माल वाहून दाखवला, तर आप्पा शेतावर. नाही झाली, तर चौथा मजला, आणि परत विषय काढायचा नाही. साक्षीदार म्हणून मला बसवलं. जावयाला आमच्याकडे पाटावर बसवतात, पहिलं ताट वाढतात आणि त्याचं मत कुणी धरत नाही. साक्षीदाराला लागणारे सगळे गुण एकाच माणसात.

तह करताना मेहुणा निर्धास्त होता. इंजिनाला चीर गेली आहे हे त्याला माहीत होतं. ते मामांनाही माहीत होतं, पण ते दुपारी शेडमध्ये गेले आणि दोन गाड्यांच्या मधे हात मागे बांधून उभे राहिले. आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. माझं काम तिथे काहीच नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी डस्टर म्हणून जुने टॉवेल न्यायला मी आलो होतो.

"जावईबापू," ते म्हणाले, "ह्याची गाडी मागनं गेलीय. पुढनं चांगली हाय."

"हो."

"माजी पुढनं गेलीय. मागनं चांगली हाय."

मी टॉवेल खाली ठेवले.

विजापूर वेशीजवळच्या गॅरेजातल्या उस्तादांना बोलावलं. उस्ताद साठीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला, हात सदैव पुसत असलेले आणि कधीच स्वच्छ नसलेले. त्यांनी ताडपत्री उचलली, बॉनेट उघडलं आणि आत बघून बाहीने चष्मा पुसला. मग पिकअपचं बॉनेट उघडून पुन्हा चष्मा पुसला. दुसऱ्या वेळचं पुसणं शोकाचं होतं.

"आप्पा, ये इंजिन इस गाडी में कायकू डालना?"

"तुला जमतंय का ते सांग."

"जमता तो सब है. करना नक्को, ऐसा बोलता मैं. ये दो सौ घोडे का इंजिन है. तुमारी गाडी सत्तर घोडे की."

"मग बाकीचे बसून ऱ्हातील की."

मी आरटीओचा मुद्दा काढला. दुसऱ्या कंपनीचं आणि तिप्पट ताकदीचं इंजिन घालून गाडी रस्त्यावर आणायला परवानगी मिळणार नाही, हे मी चौकशी करून आलो होतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रस्त्यावर कोन आनतंय? ट्रकात घालून नेऊ. माझ्या रानात कुटला आरटीओ?" एवढ्या लवकर निकाली निघालेला कायद्याचा प्रश्न मी दुसरा पाहिलेला नाही.

मेहुण्याला वाटलं होतं, इंजिन मागितल्यावर आपण नाही म्हणू. पण त्याच्या तोंडून नाही निघेना. इतके महिने ताडपत्रीखाली पडलेलं ते इंजिन पुन्हा गुरगुरणार, ही कल्पना त्याला सोडवेना. "न्या," तो म्हणाला. "पण जपून काढा." एखादी लेक सासरी पाठवावी तसं तो त्या इंजिनाला गॅरेजपर्यंत पोचवून आला.

काम तीन महिने चाललं. इंजिन पिकअपच्या पोटात मावेना. खालचा आडवा लोखंडी दांडा कापून खाली घेतला, नवे टेकू वेल्डिंगने बसवले. मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा कापला, जोडला, पुन्हा कापला. गिअरबॉक्सही त्याच गाडीचा घ्यावा लागला, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा. पण खरी पंचाईत तारांची होती. त्या गाडीचा काँप्युटर इतका मानी होता की आपली चावी, आपला डॅशबोर्ड आणि आपली बटणं जागच्या जागी दिसल्याशिवाय तो इंजिनाला हाक मारू देईना. उस्तादांनी कुठूनसा तारांचा इंग्रजी नकाशा मोबाइलवर मिळवला आणि मामांनी तो वाचायला मला पाठवलं. जावई ग्रंथपाल आहेत, म्हणजे वाचता येणारच.

एवढं शिस्तबद्ध पुस्तक मी आयुष्यात वाचलेलं नाही. त्यात नायक नव्हता, नुसती पात्रं होती आणि प्रत्येक पात्राचा दुसऱ्या प्रत्येकाशी संबंध होता. मी वाचायचो, "तपकिरी-पांढरी तार बावीस नंबरला." उस्ताद विचारायचे, "बाईस किधर है?" मी पुढचं पान काढायचो. त्यात बावीसचा उल्लेख नसायचा, पण बावीसबद्दल एक इशारा असायचा.

शेवटी मेहुण्याच्या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड काढून पिकअपमध्ये बांधला. बांधला म्हणजे टॉवेलच्या गठ्ठ्यांना लावतात त्या पट्टीने बांधला. चावी फिरवली आणि इंजिन जागं झालं. मामांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मेहुणा तोंड फिरवून उभा राहिला.

पण काँप्युटरला झाल्या प्रकाराची कल्पना कुणी दिली नव्हती. त्याच्या लेखी तो अजून पुण्याच्या गाडीतच होता. डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे लागले आणि इशाऱ्यांचं टुणटुण सुरू झालं.

"काय म्हनतुय त्यो?" मामांनी विचारलं.

"मागचं डावं दार उघडं आहे म्हणतोय."

"मागं दारच न्हाय हिला."

"डिकी उघडी आहे."

"ती तर ट्रॅक्टरनं बंद केली."

"मागच्या सीटवर बसलेल्यांनी पट्टे लावावेत."

मामांनी मागे वळून रिकाम्या हौद्याकडे पाहिलं. "उस्ताद, ह्याचं तोंड बंद कर पयलं." उस्तादांनी टुणटुणीची तार कापली. दिवे मात्र विझेनात. एकूण अकरा दिवे कायमचे लागून राहिले, आणि देवळातल्या समईसारखी सगळ्यांना त्यांची सवय झाली.

आता तहाप्रमाणे माल वाहून दाखवायचा होता. मामा म्हणाले, उद्या सकाळी गठ्ठे भरू, आवाराला दोन चकरा मारू, झालं. पण हे मेहुण्याला पटेना. त्याला ही परीक्षा हरलेलीच हवी होती, त्याशिवाय आप्पा चौथ्या मजल्यावर येणार नव्हते. पण हरायचं तेही फ्लेक्स लावून. त्याने "लोकार्पण सोहळा" ठरवला. लोकांना काय अर्पण करायचं होतं हे मी विचारलं नाही. फ्लेक्स पिकअपपेक्षा लांब होता. त्यावर काळा चष्मा लावलेला मेहुणा, हात जोडलेले मामा आणि खाली "शुभेच्छुक" म्हणून माझा लग्नातला फोटो होता, मुंडावळ्यांसकट. पिकअपचा फोटो जागेअभावी राहिला होता.

उद्घाटनाला एक अध्यक्ष बोलावले होते. ते कशाचे अध्यक्ष आहेत हे मला आजही माहीत नाही. त्यांना सगळे नुसतं अध्यक्ष म्हणत, आणि विचारायची वेळ टळून गेली होती. कार्यक्रम दहाचा होता. ते साडेअकराला आले.

मामांनी दहालाच गाडी सुरू करून ठेवली होती. मी म्हटलं, "मामा, येईपर्यंत बंद करा."

"बंद केल्याली परत चालू न्हाय झाली तर?"

चौथा मजला एका चावीच्या अंतरावर होता. उन्हात गाडी गुरगुरत उभी राहिली.

अध्यक्ष आले, हार झाले. झेंडूचा एक जाड हार पिकअपच्या तोंडावर पसरला. मग सत्कार. इतर गावांत सत्काराला शाल देतात, सोलापुरात चादर. आधी अध्यक्षांना चादर दिली, मग मामांना, मग उस्तादांना फेटा बांधून, नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं. एक चादर उरली. अध्यक्षांना भरून आलं. "या वाहनाचाही सत्कार झाला पाहिजे!" असं म्हणून त्यांनी ती, मेहुण्याच्या शेडशेजारच्या मागावरची, दोन माणसांना थंडीत पुरेल अशी जाडजूड चादर उघडली आणि पिकअपच्या बॉनेटवरून पुढच्या जाळीवर नीट खाली सोडली. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. त्याच जाळीतून इंजिनाला वारा मिळतो हे अख्ख्या मांडवात एकाच माणसाला कळलं, आणि तो माणूस फेटा घालून, दोन्ही हातांत नारळ धरून, अध्यक्षांच्या बरोबर समोर बसला होता.

अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. सोलापूरच्या मातीत काय आहे इथपासून सुरुवात झाली. मी व्यासपीठावरून उस्तादांकडे पाहत होतो. ते खुर्चीत अर्धे उठायचे, अध्यक्ष त्यांच्याकडे बघून "असे हे आमचे कारागीर!" म्हणायचे, टाळ्या व्हायच्या, आणि उस्ताद हात कपाळाला लावून पुन्हा बसायचे. हे तीनदा झालं. डॅशबोर्डवर इंजिन तापल्याचा बारावा दिवा लागला असणार, पण अकरांच्या गर्दीत बाराव्याला कोण विचारतो? चादरीच्या कडेने वाफ निघू लागली तेव्हा मागच्या रांगेला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि मोबाइल वर गेले.

आणि मग इंजिन आपलं आपण बंद झालं. मानी काँप्युटरने आब राखून काम थांबवलं. त्या शांततेत अध्यक्षांचा आवाज प्रथमच नीट ऐकू आला. त्याने कुणाचा फायदा झाला नाही, पण ते आणखी दहा मिनिटं बोलले.

अध्यक्ष गेल्यावर मेहुणा माझ्याकडे आला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. "दाजी, तुम्ही साक्षीदार. बंद पडली."

"पडली," मी म्हटलं.

मामा खुर्चीत बसून होते, खांद्यावरची चादर न काढता. आयुष्यात पहिल्यांदा ते मला बहात्तर वर्षांचे दिसले. बायको त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "आप्पा, फ्लॅटला लिफ्ट आहे." ते उठले, गाडीशी गेले, आणि बॉनेटवरच्या चादरीला हात लावून चटकन मागे घेतला.

"भर उन्हात हिला पांघरून कुनी घातलं?"

ज्यांनी घातलं त्यांचा तसा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता.

"तुमाला पांघरून घालून उन्हात बसवलं असतं, वर तासभर भाषान ऐकवलं असतं, तर तुमी काय केलं असतं?" मामांचा आवाज चढला. "हिनं तेच केलं. माझी गाडी आजारी न्हाय. तुमी तिचा सत्कार केलाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. चौदा वर्षांच्या जावईपणात माझ्या मताची अशी वाट कुणी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "तह माल वाहायचा होता. माल अजून भरलेलाच नाही. आणि तहात सत्काराचं कलम नव्हतं."

"दाजी, हे बरोबर नाही," मेहुणा म्हणाला, पण हळू.

उस्तादांनी फेटा काढून त्यानेच हात पुसले. चादर ओढून फेकली, हार तोडला. दीड तास इंजिन गार होऊ दिलं, पाणी भरलं, खाली वाकून तेल पाहिलं. "कुछ नहीं हुआ इसको. लाज लगी बेचारे को, बस." त्यांनी चावी मामांच्या हातात दिली. हौद्यात टॉवेलचे वीस गठ्ठे चढवले. मामा चढून बसले, बायकोने माझा दंड धरला, आणि गाडी सुरू झाली.

ती दोन हात पुढे गेली आणि धाडकन थांबली. पुन्हा दोन हात, पुन्हा धाडकन. दर वेळी मामांची टोपी काचेवर. मेहुणा ओरडला, "आप्पा, क्लच नाही त्याला! डाव्या पायाने ब्रेक दाबताय तुम्ही!"

पन्नास वर्षं क्लच दाबलेला पाय ऐकेना. शेवटी मामांनी तो डावा पाय उचलला, सीटवर मांडी घालून त्याखाली दाबून ठेवला आणि एका पायाने गाडी चालवली. ओटीवर जेवायला बसावं तसे बसून त्यांनी आवाराला दोन चकरा मारल्या, वीस गठ्ठ्यांसकट. दुसऱ्या चकरेला मेहुणा फाटकाशी उभा होता. इंजिनाचा आवाज जवळून गेला तेव्हा तो डोळे मिटून ऐकत होता. गाडी थांबल्यावर त्याने स्वतःच हौद्याचा मागचा फाळका पाडला आणि म्हणाला, "आक्का, आप्पांच्या कपड्यांची बॅग भर."

पिकअप ट्रकात घालून नातेपुत्याला गेली. मामा तिच्यासोबत ट्रकात पुढे बसून गेले.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. गाडी वाटेवर चाकं गरगर फिरवत जागच्या जागी खड्डा करत होती, पार आसापर्यंत. उस्तादांनी फोनवर सांगितलं की इंजिनाला जोर फार आणि गाडीची मागची बाजू हलकी; हौद्यात वजन असल्याशिवाय चाक जमीन धरणार नाही. मामांना हा उपाय फार पटला. रिकामी गाडी पळवणं त्यांना तसंही पाप वाटायचं. आता ते शेणखत, कडबा, दगड, काही ना काही भरल्याशिवाय निघत नाहीत. घरापासून विहिरीपर्यंत अर्धा किलोमीटर, ताशी दहाच्या वेगाने. डॅशबोर्ड त्यांना अजून सांगतो की डिकी उघडी आहे.

मेहुणा दर रविवारी नातेपुत्याला जातो. आप्पांची तब्येत बघायला, असं तो म्हणतो. गेल्या रविवारी मीही त्याच्यासोबत गेलो होतो. पोचल्याबरोबर मेहुण्याने हात पुढे केला. "आप्पा, चावी द्या. एक चक्कर मारून येतो."

"आदी लोड भर."

मेहुणा पांढरे बूट घालून आला होता. त्याने उकिरड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला खाटेवर बसवून चहा दिलेला होता. जावयाला उकिरड्यावर पाठवायची आमच्याकडे रीत नाही. त्याने बाही वर केली आणि पाटी उचलली. वीसेक पाट्या झाल्यावर घाम पुसत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, आप्पा फ्लॅटवर असते तर रविवारी निदान झोपायला मिळालं असतं."

"बोलवून बघ त्यांना."

त्याने पिकअपकडे पाहिलं. मामा आत बसले होते, डावा पाय मांडीखाली, हात खिडकीबाहेर. इंजिन हळू आवाजात चालू होतं. मेहुणा क्षणभर ऐकत उभा राहिला.

"आरं, गप्पा काय हानतुयस?" मामा खिडकीतून ओरडले. "अर्धीच भरलीय. एवढ्यावर चाक धरत न्हाय हिचं. आनि धा पाट्या टाक, मग बस हितं शेजारी. चावी देतुय की."

मेहुण्याने पाटी उचलली.